ओ दिली की निघायचं

मंडळी, ऐका. आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर तोंडानं देऊ नका, मनातल्या मनात द्या.

घरातून हाक आली, "अहो, जरा इकडे या!" आणि तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "ओ, आलो!" तर तुम्ही आलात का?

हसू नका! हसलात म्हणजे सापडलात!

"आलो" म्हणणारा माणूस खुर्चीतच असतो. तोंड गेलं पुढं, बाकीचा देह मागं. आणि हाक मारणारीला वाटतं, आला. ती वाट बघत बसते. मग मी तुम्हाला विचारतो, ओ देणं म्हणजे नक्की काय? आवाज काढणं? आवाज काय, रेडकूही काढतं!

देवाच्या दारात बसून सांगतो, या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या पोथीत मिळालं नाही. एका होडीवाल्यानं दिलं. त्यानंही उत्तर म्हणून नाही दिलं. खाडी ओलांडताना सहज गोष्ट सांगितली त्यानं. पेटीवाले, जरा सूर धरून ठेवा. गोष्ट सांगतो.

खाली कोकणात खाडीच्या पोटात लहान लहान बेटं असतात. तिथले लोक त्यांना जुवं म्हणतात. चारी बाजूंनी पाणी, कडेनं कांदळाची झाडी, मधे माड, आणि माडांत चारदोन घरं. अशा एका जुव्यावर मला कीर्तनाला बोलावलं होतं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही गाड्या घेऊन जाल, फोटो काढाल आणि वेफर्सची पाकिटं तिथंच टाकून याल!

तर जुव्यावर जायचं कसं? पूल नाही. अलीकडच्या काठावर उभं राहायचं, तोंडाला हात लावायचे आणि हाक द्यायची, "होऽऽऽ!" समोरून आवाज येतो, "ओऽऽऽ!" झालं. ओ आली की होडी निघालीच म्हणून समजा. विचारायचं नाही, किती वेळ लागेल. दुसरी हाक मारायची नाही.

दुसरी हाक का नाही? हीच तर त्या जुव्याची रीत! तिथं ओ म्हणजे शब्द. ज्यानं ओ दिली त्यानं हातातलं काम टाकून निघायचं. ताटावर असला तर ताटावरून उठायचं. आणि एकानं ओ दिली की बाकीच्यांनी आपापल्या जागी निवांत बसायचं, कारण तो निघालाय. मग हाक मारणाऱ्यानं परत ओरडणं म्हणजे ओ देणाऱ्याला खोटारडा म्हणणं. इतका मोठा अपमान त्या जुव्यावर दुसरा नाही. अगदी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय हे. मोबाइल तिथं चालतच नाही. रेंज नाही! माणसाच्या गळ्यावर सगळा कारभार.

नाही म्हणायला एक जागा आहे. बेटाच्या मधोमध जांभ्या दगडाचा उंचवटा आहे, तिथं एका दगडावर उभं राहिलं तर रेंज येते. पण साधं उभं राहून नाही! एक पाय वर, मान तिरकी, फोन आभाळाकडं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणी तप करतंय! मनात म्हटलं, जुव्यावर मोठा अधिकारी पुरुष दिसतो. जवळ गेलो तर तो गॅसचा नंबर लावत होता!

असो. तर या जुव्यावरची मुलगी वैजयंती. सगळे तिला वैजू म्हणायचे. लग्न होऊन गेली घाटावर, सांगलीला. नवरा मुकुंद, हळदीचा दलाल. माणूस वाईट नाही हो! व्यसन नाही, उलट बोलणं नाही, बायकोला कधी काही कमी केलं नाही. फक्त कान त्याचा स्वतःचा नव्हता. कान बाजाराला दिलेला. सकाळी उठल्यापासून फोन. हळद चढली, हळद उतरली, "धरून ठेव", "सोडून दे". जेवताना फोन. देवपूजेत फोन. घंटी वाजवायचा हात थांबवून म्हणायचा, "हं, बोल." देवही बिचारा हातात फूल मिळेपर्यंत थांबायचा!

आणि बायकोनं हाक मारली की, "ओ! आलो!" झालं. तेवढंच.

वैजू माहेरी जायची ती एकटी. मुकुंद गाडीनं खाडीच्या काठापर्यंत सोडायचा. काठावर उभं राहून म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की येतो. आत्ता हंगाम आहे." इतक्या वर्षांत त्यानं त्या होडीत पाय ठेवला नाही. हळदीचा हंगाम बारा महिने असतो हे मला या गोष्टीतून कळलं!

वैजू होडीत बसायची, मागं वळून बघायची. नवरा काठावर उभा असायचा, पाठ तिच्याकडं, कानाला फोन.

मग मुलीचं लग्न झालं. मुलगी गेली आणि घरात दोघं उरली. एका संध्याकाळी चहा देता देता वैजू म्हणाली, "मला जुव्यावर जायचंय."

"जा की! कधी सोडू?"

"सोडायचं नाही. तुम्ही यायचं. होडीत बसायचं. माझ्याबरोबर राहायचं. दुसरं काही मागत नाही तुमच्याकडं."

आता मंडळी, बायको "दुसरं काही मागत नाही" म्हणाली की शहाण्या माणसानं ओळखावं, हिनं हे फार दिवस धरून ठेवलंय. मुकुंदानं ओळखलं. गेला. होडीतही बसला. पाणी बघून म्हणाला, "छान आहे." आणि खिशातून फोन काढून बघितला. रेंज गेलेली! चेहरा असा झाला, जशी काही होडीच बुडाली!

पलीकडं सासूबाई उभ्या. भागीआजी म्हणतात त्यांना तिथं. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, पण आवाज खणखणीत. जावई इतक्या वर्षांनी उंबऱ्यावर आलेला! तिनं पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, तोंडभर हसली. आणि जावयानं पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"आई, इथं फोन कुठं लागतो?"

भागीआजीनं वर बोट केलं. झालं! जावई उंचवट्यावर!

आता जुव्यावरचा दिवस कसा असतो ते सांगतो. मला सांगू द्या, कारण मी तिथं राहिलो तेवढे दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तिथं घड्याळाला विचारत नाही कुणी. पाणी भरलं की होड्या, पाणी उतरलं की चिखलातली कामं. सकाळी मडक्यातली गरम पेज, तीही घाईनं खाता येत नाही, तोंड भाजतं. दुपारी माडांच्या सावल्या अंगणभर सरकत जातात आणि माणसं त्या सावलीबरोबर आपली चटई सरकवत जातात. दुपारभर एवढंच काम! खंड्या पक्षी काठीवर बसतो तो बसतोच. बघणाराही बघतच राहतो. कुणी कुणाला "काय करतोस?" असं विचारत नाही. बसलाय. दिसतोय की!

तिथं बसलो होतो तेव्हा माझ्या मनात आलं, इथं दोघांनी यायला हवं होतं. असो.

माझं कुटुंब आज असतं तर आत्ता टाळ थांबवून मागून म्हणालं असतं, "बुवा, पाल्हाळ पुरे, मुख्य सांगा." गेल्या श्रावणापासून तसं म्हणणारं कुणी नाही. म्हणून हल्ली माझं कीर्तन लांबतं. सांभाळून घ्या.

मुख्य सांगतो.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट असेल. ओहोटी लागली होती. वैजू टोपली घेऊन चिखलात उतरली, मुळे वेचायला. मुळे म्हणजे शिंपल्यांतला प्रकार. माळकरी मंडळींनी थोडा वेळ कान झाका, वैजूचं माहेर मासे खाणाऱ्यांचं आहे! लहानपणापासून तिचं हे आवडीचं काम. पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपायचा, मुळा लागला की वाकून उचलायचा. जाताना नवऱ्याला म्हणाली, "चला ना, दाखवते तुम्हाला." तो म्हणाला, "तू हो पुढं. एक फोन करून आलोच."

ती पुढं झाली. कांदळाच्या पलीकडं, उघड्या भाटीवर, म्हणजे ओहोटीनं उघड्या पडलेल्या गाळावर. एकटी. इतक्या वर्षांनी तो चिखल पायाला लागला, भान राहिलं नाही. गाणं म्हणत म्हणत लांब गेली. आणि एका जागी पाय रुतला. गुडघ्यापर्यंत. ओढला तर दुसराही गेला! गाळाचं असं आहे मंडळी, धडपडाल तितकं आत जाल. ती जुव्याची पोर, तिला हे ठाऊक. धडपडली नाही. तेवढ्यात पाणी वळलं. भरती लागली.

तरी ती घाबरली नाही. घाबरायचं कशाला? हाक मारली, "अहोऽऽऽ! या होऽऽऽ!"

जुवं केवढंसं! हाक सगळीकडं गेली. बाबल तांडेल, मला ही गोष्ट सांगणारा तोच होडीवाला, जाळं विणत बसला होता, त्यानं मान वर केली. उठणार, इतक्यात वरून खणखणीत आवाज आला:

"ओऽऽऽ! आलो!"

मुकुंदाची ओ! बाबल परत खाली बसला. म्हणाला, जावय निघाले. भागीआजी परड्यात, घरामागच्या वाडीत, काटक्या मोडत होती. तिनं ऐकलं, बरं वाटलं तिला. मनात म्हणाली, लागला हो माणूस वळणाला.

आणि वर दगडावर काय चाललं होतं?

एक पाय वर, मान तिरकी. "हं, बोल रे! काय? चढतेय? मग धरून ठेव! सोडू नको! काय वाट्टेल ते झालं तरी हातची सोडू नको!"

हळद हो! हळद धरून ठेव म्हणत होता!

त्याला आपण ओ दिली हेही आठवत नव्हतं, मंडळी. त्यानं ती दिलीच नव्हती. त्याच्या तोंडानं दिली होती. सांगलीत रोज देतो तशी.

आणि खाली वैजू पाण्यात उभी. पाणी गुडघ्याच्या वर आलं. मांड्यांपर्यंत आलं. कमरेला लागलं. तिनं टोपली डोक्यावर घेतली. तुम्ही म्हणाल, बाई वेडी की काय, परत हाक मारायची! घसा फोडून ओरडायचं! का नाही ओरडली?

कारण ओ मिळाली होती. नवऱ्याची ओ! दुसरी हाक मारायची म्हणजे त्याला सगळ्या जुव्यासमोर खोटं पाडायचं. माहेरात! पहिल्यांदा आलाय माणूस. ती कांदळाकडं बघत राहिली. आता दिसेल. आता झाडीतून बाहेर येईल. पाणी छातीला लागलं, तरी बघत राहिली.

हे विश्वास ठेवणं बघा मंडळी. आणि तो ठेवला कुणावर, तेही बघा.

भागीआजी काटक्या वेचत वेचत उंचवट्यावर आली. बघते तर जावई दगडावर! तिच्या हातातल्या काटक्या गळल्या.

"जावयबापू! तुमी हयसर? मग वैजूक ओ कोणी दिल्यान?"

आणि मुकुंदानं, ऐका हो, सासूकडं न बघता बोट वर केलं! "एक मिनिट!"

ते बोट तसंच राहिलं हवेत. मग ते शब्द त्याच्या कानातून आत गेले. कुणी दिली ओ? कुणी?

भागीआजीनं बाबलला हाक मारली ती अशी, की समोरच्या गावातली कुत्री भुंकायला लागली! बाबलनं होडी सोडली. मुकुंद फोन दगडावरच टाकून धावत सुटला. करवंदीच्या जाळीतून, काट्यांतून, उतारावरून घसरत. काठाशी पोचला तर समोर पाणीच पाणी. आणि पाण्यावर एक टोपली. टोपलीखाली वैजूचं तोंड. हनुवटीपर्यंत पाणी. टोपली सोडली नव्हती बाईनं!

तो पाण्यात शिरला. कृष्णाकाठचा माणूस, पोहायला येत होतं, पण गाळाचं त्याला काय माहीत! चार पावलांत स्वतःच रुतला! बाबलनं आधी तिला काढलं. होडीला धरवून, पाय हळूहळू सोडवत. मग परत येऊन यालाही काढलं. होडीत दोघं समोरासमोर बसली. चिखलानं माखलेली. बाबल वल्हं मारता मारता एवढंच बोलला:

"तुमी ओ दिलात. म्हणान मी उठलंय नाय."

वैजू शांतपणे म्हणाली, "दुसरी हाक मारावी वाटत होतं. पण ओ तुमची होती."

रागावून नाही म्हणाली! रागावली असती तर बरं झालं असतं. राग उतरतो.

आता तुम्हाला वाटेल, मुकुंदानं दगडावरचा फोन जाऊन खाडीत भिरकावला! फेकला का?

छे! हळदीचा दलाल तो! इतका महागाचा फोन फेकतोय होय! दगडावरून उचलून आणला, बंद केला आणि सासूच्या हातात दिला. "आई, हा तुमच्याकडं ठेवा. मी मागितला तरी देऊ नका." भागीआजीनं तो फडताळात मिठाच्या बरणीमागं ठेवला. आणि मुकुंद चार दिवसांसाठी आलेला, तो राहिला. वैजूनं राहा म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं.

गोष्ट इथं संपली असं वाटतं ना? माणूस वाचला, फोन सुटला, बोला हरी! नाही मंडळी. खरी गोष्ट इथून आहे.

वैजू बरी होती. त्याला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, बोलायचीही. पण हाक मारेना! काही काम असलं तर उठून त्याच्याजवळ यायची आणि हळू आवाजात सांगायची, "जेवायला चला." परड्यात असली, तो ओट्यावर असला, तरी तेवढं चालून येणार, पण तिथून हाक मारणार नाही. जड हंडा एकटी उचलणार. आई, बाबल, कोंबड्या, शेजारची गाय, सगळ्यांना हाका! फक्त त्याच्या नावची हाक बंद.

पहिले दोन दिवस त्याला कळलंच नाही. हात सारखा खिशाकडं जायचा. रिकामा खिसा चापटायचा, जसा पाय तुटलेला माणूस पाय खाजवायला जातो. उगाच अंगणात फेऱ्या. "आज काय वार?" म्हणून विचारायचा. भागीआजी म्हणायची, "भरतीचा!"

मग हळूहळू त्याचे कान उघडले. आधी पाणी ऐकू आलं, कांदळाच्या मुळांत चुळचुळणारं. मग झावळ्या. मग एक दिवस विहिरीवरून गाणं ऐकू आलं. कोण गातंय म्हणून तो गेला. वैजू! पाणी शेंदता शेंदता गात होती. ती गाते हे त्याला माहीतच नव्हतं! सांगलीच्या घरातही गात असणार ना? कुणाला ठाऊक! त्याला बघून ती थांबली. रहाट तेवढा कुरकुरत राहिला.

त्या दिवशी त्याला कळलं, आपल्याला हाक येत नाही.

तो भागीआजीजवळ जाऊन बसला. म्हणाला, "आई, ती मला हाक मारत नाही."

भागीआजी पानाला चुना लावत होती. म्हणाली, "मारून काय करतली?"

"मी येईन."

"हां," म्हातारी म्हणाली. "ता तुमका ठावक. तिका खय ठावक?"

मोठ्या मोठ्या पंडितांशी बोललोय मंडळी, पण असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

मुकुंदानं बायकोला सरळ विचारून पाहिलं. "वैजू, एकदा हाक मार ना गं."

ती म्हणाली, "इथंच तर आहे मी. हाक कशाला?"

खरंच होतं. समोर होती. तरीही तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं.

मग तो बाबलकडं जायला लागला. पलीकडच्या काठावरून "होऽऽऽ" आलं की बाबलच्या आधी हा ओ द्यायचा! दिली की निघावं लागणारच! जेवत असला तर हात तसाच, खरकटा. पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरली. काठावरची मंडळी पोट धरून हसली. "जावय येतत खरे, पण खय पोचतले ता देवाक ठावक!" तळहात सोलले, पाठ भाजली. पण कुणाचीही हाक असो, ओ दिली की गेला. शाळेच्या मास्तरणीला आणायला गेला, पोस्टाच्या माणसाला आणायला गेला, एकदा तर एका बोकडाला आणायला गेला! मालकानं बोकड काठाला बांधून हाक दिली होती आणि निघून गेला होता. मुकुंद बोकडाला घेऊन आला. बोकड होडीत उभा, हा वल्हवतोय! वैजू तेव्हा काठावर होती. ती हसली. पदर तोंडाला लावला, पण हसली.

हसली, पण हाक नाही.

असे किती दिवस गेले बाबलनं मोजले नव्हते, म्हणून मीही सांगत नाही. मुकुंद वाट बघत होता. ज्या माणसानं आयुष्यभर बाजाराची वाट बघितली, तो एका हाकेची वाट बघत होता. सकाळी उठला की कान तिकडं. जेवताना कान तिकडं. मंडळी, वाट बघणं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला मी सांगायची गरज नाही. संध्याकाळी भरतीचं पाणी अंगणाच्या बांधाला लागायचं, बगळे परतायचे, आणि तो मनाशी म्हणायचा, आजही नाही.

मग एक दुपार. पाणी उतरलेलं. बाबल आणि मुकुंद होडी पालथी घालून तिला तेल देत होते. भागीआजी चटईवर डुलक्या काढत होती. सगळं जुवं सुस्त. आणि घराच्या मागल्या बाजूनं आवाज आला:

"अहोऽऽऽ!"

बाबलचं तोंड ओ द्यायला उघडलं. सवयच ती! आणि त्यानं ते मिटलं. भागीआजीचे डोळे उघडले, पण ती हलली नाही. शेजारच्या घरातला मुसळाचा आवाज थांबला. मंडळी, अख्ख्या जुव्यानं हाक ऐकली आणि अख्खं जुवं गप्प! एकाच माणसाच्या ओसाठी सगळे थांबले.

आणि मुकुंदाला ओ देता येईना! तोंड उघडलं, आवाज निघेना. बाबल त्याच्याकडं बघतोय. "अवो, ओ द्या ना!"

ओ दिलीच नाही त्यानं. तेलाची चिंधी टाकली आणि पळाला! पालथ्या होडीवरून उडी, अंगणातून, तुळशीला वळसा, चटईवरच्या सासूला ओलांडून. ओलांडून हो! जावई! मागल्या दारी जाऊन उभा राहिला, धापा टाकत.

वैजू उभी होती, काखेत चिनीमातीची बरणी. त्याच्याकडं बघून म्हणाली, "ओ तरी द्यायची! मला वाटलं ऐकलंच नाहीत."

"काय झालं?"

"काही नाही हो. झाकण निघत नाही."

झाकण! लोणच्याच्या बरणीचं झाकण, मंडळी!

त्यानं बरणी घेतली. हात तेलाचे, झाकण फिरेना. हा जोर लावतोय, हात सटकतोय, परत लावतोय. वैजू म्हणाली, "द्या इकडं, पदरानं धरते." दोघांनी मिळून धरलं. निघालं. वास सुटला. ती हसायला लागली, तोही हसायला लागला, आणि पुढून भागीआजीचा आवाज आला, "निघाला काय गो?" दोघंही एकदम ओरडली, "निघालं!"

एवढीच गोष्ट. पुढं ती दोघं सांगलीला परत गेली. हळदीचा धंदाही चालू आहे, फोनही चालू आहे. मी खोटं सांगणार नाही. पण दर वर्षी होडीत दोघं बसतात, असं बाबल म्हणाला. आणि होडी अर्ध्यात आली की दोघंही काठाकडं वळून बघत नाहीत.

आता माझं थोडं ऐका आणि मग सोडतो तुम्हाला.

माझ्या घरी फळीवर एक बरणी आहे. कैरीचं लोणचं. तिनं घातलेलं, तिनंच झाकण लावलेलं. सून विचारते, "बाबा, काढू का?" मी म्हणतो, "झाकण निघत नाही गं." खरं सांगायचं तर मी जोर लावून बघितलेला नाही. त्या झाकणावर शेवटचा हात तिचा आहे. मला हाक मारून "एवढं काढून द्या हो" म्हणणारं कुणी नाही, मग घाई कसली?

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. तुमच्यासाठी सांगतोय. तुम्ही, पहिल्या रांगेतले. आणि तुम्ही, खांबाला टेकलेले. तुमच्या घरी अजून झाकण निघत नाही. अजून कुणीतरी म्हणतं, "अहो, जरा या," "बाबा, बघा ना," "अरे, इकडं ये." वैताग येतो ना? यायचाच. मलाही यायचा.

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्हाला कुठलं जुवं? आम्हाला कुठली खाडी? अहो, संध्याकाळी चार भिंतींत फोन बंद करून ठेवलात की तुमचं घर जुवंच आहे! चारी बाजूंनी जग आणि मधे तुमची दोन माणसं. बसा. काही बोलायचं सुचलं नाही तरी बसा. सावली सरकेल तसे सरका. हाकेची वाट बघा. आणि आली, तर ओ द्यायला थांबू नका.

देवाचं काय म्हणता? देव विटेवर उभा आहे. युगं गेली, हलला नाही. तो थांबतो हो. त्याची घाई करू नका. तुमच्यासाठी थांबलेलं माणूस काही विटेवर उभं नाही. त्याच्या पायाखाली भरतीचं पाणी आहे.

म्हणून आज आरती आटोपती घेऊ. प्रसाद इथं खाऊ नका, पदरात बांधून घरी न्या, दोघांनी मिळून खा. चला, एकदा सगळ्यांनी मोठ्यानं त्या पांडुरंगाचं नाव घ्या आणि उठा. माझ्यासाठी कुणी मागं राहू नका. टाळ मी आवरतो. मला घाई नाही.